सहावी बादली

मोटारीच्या छतातल्या पाण्याच्या नळ्यांबद्दल मला कुणी काही विचारलं, तर मी तासभर बोलू शकतो. पण हे काम तुम्ही शिकलात कुठे, असं कुणी विचारलं की मी उठून पाना शोधायला लागतो. गेली कित्येक वर्षं मी असे पाने शोधत आलो. गॅरेज बंद केल्यावर पानेही देऊन टाकले. आता शोधायला काही उरलेलं नाही.

या दिवाळी अंकाच्या संपादकांनी घरी येऊन लिहिण्याचा आग्रह केला. म्हणाले, "मिस्त्री, गिऱ्हाइकांच्या गमती लिहा. लोकांना वाचायला बरं वाटतं." गमती आहेत, आणि त्या मी सांगेनही. पण गमतींच्या आड लपायचं वय आता राहिलं नाही. दुपारी जेवून खाटेवर पडलो की अर्धवट झोपेत मला एक आवार दिसतं. पांढरं ऊन, हवेत तरंगणारा कापसाचा भुरा, आणि भिंतीवर ओळीने टांगलेल्या लाल बादल्या. पाच रिकाम्या, एक भरलेली. एवढंच दिसतं. मग जाग येते आणि संध्याकाळपर्यंत तोंडाला चव नसते.

ज्यांनी अशी गाडी पाहिली नाही त्यांच्यासाठी आधी थोडं समजावून सांगतो. काही मोटारींच्या छतात सरकणारी काच असते. इंग्रजीत तिला सनरूफ म्हणतात, आमच्याकडे वरची खिडकी. यवतमाळात मे महिन्यात डांबर चपलेला चिकटतं. अशा गावात डोक्यावरची खिडकी उघडून कोण बसणार, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटायचं. तरी मोठ्या शहरांतून जुन्या झालेल्या अशा गाड्या हळूहळू आमच्याकडे येत, जशी मोठ्या भावाची पँट धाकट्याकडे येते.

तर ही काच कधीच पूर्ण पाणबंद नसते. तिच्या कडेच्या रबरातून थोडं पाणी आत जाणारच, हे गाडी बनवणाऱ्याने धरूनच ठेवलेलं असतं. म्हणून काचेखाली चारी बाजूंनी पन्हळ असते, पत्र्याच्या घराला असते तशी. पन्हळीच्या चार कोपऱ्यांत चार भोकं, मुगाचा दाणा जाईल एवढी. प्रत्येक भोकाला एक नळी. पुढच्या दोन नळ्या समोरच्या काचेच्या दोन बाजूंच्या खांबांतून उतरतात आणि दाराच्या बिजागरीपाशी पाणी सोडतात. मागच्या दोन मागच्या चाकांजवळ सोडतात. आत बसलेल्या माणसाला याचा पत्ताही नसतो. पाणी त्याच्या डोक्यावर येतं, कानाजवळून खाली जातं, आणि तो कोरडा असतो. मला याचं नेहमी नवल वाटत आलं आहे.

नळी तुंबली की पन्हळ भरते आणि पाणी आत सांडतं. नळी मोकळी करायची तर तार घालायची नाही. तार नळीला भोक पाडते आणि मग पाणी खांबाच्या पोटात फिरत राहतं, वर्षभराने तळाचा पत्रा गंजून खाली येतो. जोराची हवाही मारायची नाही. हवेने आतला सांधा निसटतो आणि तो पुन्हा बसवायला अर्धी गाडी उघडावी लागते. मासे धरणारे लोक वापरतात ती जाड नायलॉनची दोरी घ्यायची, तिचं टोक मेणबत्तीवर धरून गोल करायचं, आणि नळीत हळूहळू सोडायचं. अडलं की रेटायचं नाही. थांबायचं, दोरी बोटांत फिरवायची, पुन्हा सोडायची. मग कपभर कोमट पाणी कोपऱ्यात ओतायचं आणि खांबाला कान लावायचा. पाणी उतरत असेल तर लांबून कुणीतरी तांब्याने घटाघटा पाणी पितंय असा आवाज येतो. तो ऐकू आला की डोळे मिटायला हरकत नाही. काम झालं.

या कामात मला नाव मिळालं. उमरखेडचे एक प्राध्यापक भर पावसाळ्यात गाडीत छत्री उघडून, एका हाताने स्टिअरिंग धरून आले होते. गाडी थांबली तेव्हा बाहेर पाऊस नव्हता.

"सर, छत्री मिटवा, पाऊस थांबला," मी म्हणालो.

"तुमच्याकडचा थांबला असेल, मिस्त्री. आमच्याकडे पुसदपासून संततधार आहे."

एका डॉक्टरीणबाईंच्या गाडीच्या पन्हळीत पिंपळ उगवला होता. दोन पानं, हाताच्या नखाएवढी, पारदर्शक. मी चिमटीने काढून फेकणार तर बाईंनी हात धरला. "मिस्त्री, तो राहू द्या. एवढ्याशा जागेत जगला तो." त्यांनी तो दवाखान्याच्या कुंपणाशी लावला. आता त्याच्या सावलीत पेशंटांचे नातेवाईक डबे उघडतात. मी तिकडून जातो तेव्हा त्या झाडाकडे पाहतो आणि वाटतं, एवढं मोठं झाड मी एकदा चिमटीत धरलं होतं.

असे किस्से मी पुष्कळ सांगत आलो. लोक हसत, म्हणत, मिस्त्रीसारखा हात जिल्ह्यात नाही. आणि प्रत्येक वेळी मला सुखदेवभाऊ आठवे, कारण हा हात मला त्याच्या नुकसानीतून मिळाला होता.

सुखदेव हा नानासाहेबांचा ड्रायव्हर. नानासाहेबांची गावाबाहेर कापसाची जिनिंग होती. कापसातली सरकी काढून रुई वेगळी करायची, तिच्या गाठी बांधायच्या, असा तो कारखाना. नानासाहेबांनी नागपूरच्या कुणाकडून तरी एक परदेशी बनावटीची जुनी गाडी घेतली होती. चॉकलेटी रंगाची, लांबट, आणि वर काचेची खिडकी. सुखदेव तिला पोटच्या लेकरासारखी ठेवी. उंच, सडपातळ माणूस. कमी बोलायचा, पण बोलला की समोरचा दोन दिवस हसत राहील असं बोलायचा.

त्याची एक सवय होती. वरची काच बंद केली की तो दार उघडून, पायरीवर पाय ठेवून उभा राही आणि काचेच्या कडेने सगळीकडून एक बोट फिरवी. चारही बाजू. घाई असली तरी, मालक आत बसून हाका मारत असले तरी. मग बोट पँटला पुसून म्हणे, "लागली." एवढा एकच शब्द. मग गाडी सुरू होई.

ती कापसाची वाईट वर्षं होती. तेव्हाचे लोक त्या वर्षांना नाव देत नाहीत, नुसतं "त्या वर्सी" म्हणतात आणि कुठलं वर्ष ते ऐकणाऱ्याला कळतं. माझ्या गॅरेजात ट्रॅक्टर यायचे बंद झाले होते. जे बिघडले ते शेतातच उभे राहिले. दारव्हा रोडवरची दोन गॅरेजं बंद झाली. माझं चालू होतं ते नानासाहेबांच्या जिनिंगमुळे. त्यांचे ट्रक, जीप, ती चॉकलेटी गाडी, सगळं माझ्याकडे येई.

भादव्यात एके दिवशी सुखदेव गाडी घेऊन आला. उतरला आणि खांदा दाखवला. शर्ट ओला होता.

"मिस्त्री, गाडी रडून राह्यली."

"काहून?"

"आता मी काय तिले मारलं का? तुमीच इचारा."

मी काच उघडून पाहिलं. पन्हळीत आदल्या हंगामाचा सगळा भुरा साचून दाबलेल्या लोकरीच्या नमद्यासारखा घट्ट झाला होता. जिनिंगच्या आवारात उभ्या गाडीवर भुरा असा बसतो की सकाळी गाडी दवात भिजलेल्या मेंढीसारखी दिसते. मी तो सगळा थर काढला, पन्हळ पुसली. तेव्हा कोपऱ्यांत ती चार भोकं दिसली.

अशी गाडी मी पहिल्यांदाच उघडत होतो. माझा जन्म जीप, ट्रक आणि पाण्याच्या टाक्यांत गेला होता. आमच्या धंद्यात गळतीचा एकच उपाय. भोक दिसलं की बुजव. मी रेडिएटर बुजवले होते, डिझेलच्या टाक्या बुजवल्या होत्या, देवळाच्या पत्र्याची भोकंही बुजवली होती. आता पाणी गाडीत येतंय आणि वर चार भोकं आहेत, म्हणजे पाणी तिथूनच येतंय, याबद्दल मला शंकाही आली नाही. मी बॉडीवाल्यांची काळी लांबी, म्हणजे पत्र्याच्या फटी बुजवायचा लगदा, मळली आणि भोकांत भरायला लागलो.

सुखदेव पायरीवर उभा राहून पाहत होता. तो म्हणाला, "मिस्त्री, हे भोकं कंपनीनंच ठिवले अस्तीन ना जी? एकाच मापाचे हायेत चारी. कायले बुजवता?"

मी हसलो. "सुखदेवभाऊ, कंपनीले काय मालूम आपल्याकडं पानी कसं पडते?"

तोही हसला. "हेबी खरं हाय. कंपनीले यवतमाळ मालूम असतं त तिनं वरती काच ठिवली नसती, कूलर ठिवला असता."

भोकं बुजली. त्या वर्षी पाऊस लवकर गेला, आणि जो आला तो भुरभुर. पन्हळीत पडे आणि उन्हाने वाळून जाई. गळती थांबली. नानासाहेब जिनिंगच्या ऑफिसात चार लोकांपुढे म्हणाले, "मिस्त्रीचा हात लागला की गळती संपली." त्या महिन्यात मी गॅरेजवर नवीन पाटी लावली.

मग हंगाम सुरू झाला. कापूस कमी, भाव पडलेले, आणि घेणारे दुसऱ्या देशातला माल घेतात असं ऐकू येई. बाहेरच्या एका मोठ्या गिरणीचे खरेदीदार पाहुणे नानासाहेबांकडे माल पाहायला यायचे होते. त्यांना माल पटला तर हंगाम निभावेल, असं सगळे धरून चालले होते. जिनिंगमधल्या बायासुद्धा एकमेकींना विचारत, "पावने आले का गं?"

पाहुणे आले. सकाळी त्यांना गाडीची वरची खिडकी पाहायची हौस आली. सुखदेवने काच उघडून दाखवली, बंद केली. मग ते आणि नानासाहेब बंगल्यात जेवायला गेले. तेवढ्यात अवकाळी आभाळ भरून आलं आणि तासभर असा पाऊस झाला की रस्त्यावरून गुडघाभर पाणी वाहिलं. गाडी बाहेर उघड्यावर उभी होती. पाऊस थांबल्यावर सगळे घाईने स्टेशनकडे निघाले. रुईचे नमुने निळ्या कागदात गुंडाळून सुखदेवने पुढच्या सीटवर आपल्या शेजारी ठेवले. नानासाहेब आणि पाहुणे मागे बसले. छोट्या रेल्वेच्या फाटकाशी एक बैल आडवा आला आणि सुखदेवने ब्रेक दाबला.

वरून पाणी आलं. थेंब नाही. कुणी कळशी उपडी केल्यासारखं, एकदम, त्याच्या डोक्यावर आणि शेजारच्या नमुन्यांवर. निळ्या कागदाचा रंग सुटला. पांढरी रुई निळी झाली. पाहुण्यांनी ती दोन बोटांत धरून पाहिली आणि म्हणाले, "देखेंगे."

मी त्या वेळी तिथे नव्हतो. तरी ती निळी होत जाणारी रुई मी इतक्यांदा पाहिली आहे की मी नव्हतो हे मला आठवावं लागतं.

पाहुणे दुपारच्या गाडीने गेले, आणि मला जिनिंगवर बोलावणं आलं. आवारात तीसचाळीस माणसं उभी होती. गडी, बाया, हमाल, ऑफिसातले. पाऊस जाऊन लख्ख ऊन पडलं होतं, आणि आतून उडालेला भुरा उन्हात तरंगत होता. इतका हळू की खाली यायचं त्याच्या मनातच नाही असं वाटे. मधोमध ती गाडी, आणि गाडीपाशी सुखदेव, ओल्या शर्टात.

"मिस्त्री," नानासाहेब म्हणाले, "मला एवढंच सांगा. दोष गाडीत आहे का माणसात?"

सुखदेव म्हणाला, "नानासाहेब, म्या बोट फिरवलं होतं. काच लागली होती. फट असती त सीट वली झाली असती, अन् वल्या सीटवर म्या नमुने ठिवले असते का?"

हे त्याचं म्हणणं इतकं सरळ होतं की आज मला वाटतं, तिथे एखाद्या लहान पोरालाही ते पटलं असतं. पण कुणी ऐकत नव्हतं. मागून कुणीतरी म्हणालं, "पावन्याले दाखवाच्या नादात राह्यली आसंन फटभर."

जिनिंगच्या भिंतीवर आगीसाठी भरून ठेवलेल्या सहा लाल बादल्या टांगलेल्या असत. कापसाच्या कारखान्यात त्या ठेवाव्याच लागतात. मी म्हणालो, "पाणी ओतून पाहू."

काच बंद केली. एक बादली घेतली, छतावर ओतली. आत कोरडं. दुसरी ओतली. कोरडं. तिसरी. लोक काचेला नाक लावून आत पाहत होते. "सुक्कं हाय बाप्पा," एक बाई म्हणाली. चौथी ओतली. आत थेंब नाही.

आता तुम्हाला कळलंच असेल. फाटकापाशी पन्हळ रिकामी झाली होती. ती पुन्हा भरायला पाणी हवं होतं. बादलीतलं पुष्कळसं पाणी छतावरून दोन्हीकडे सांडत होतं, थोडंच आत झिरपत होतं.

पाचवी बादली ओतून मी दारातून आत वाकलो तेव्हा माझा कान खांबाजवळ आला. छताच्या कापडी अस्तराच्या वर, माझ्या डोक्याच्या अगदी जवळ, पाणी हललं. डुबुक. रांजणाला धक्का लागल्यावर होतो तसा आवाज. तीसचाळीस माणसांत तो मला एकट्याला ऐकू आला. आणि त्या एका क्षणात मला त्या चार भोकांचं काम काय होतं ते कळलं. कुणी शिकवावं लागलं नाही. सुखदेवने भादव्यात विचारलेला प्रश्न मला शब्दाला शब्द आठवला.

सुखदेवने भिंतीवरची सहावी बादली काढली. दोन्ही हातांनी धरून माझ्यापुढे केली. काठोकाठ भरलेली होती, आणि पाण्यावर भुऱ्याचा एक तंतू तरंगत होता.

"अजून एक ओता, मिस्त्री."

मी म्हणालो, "पुरे. गाडीत दोष नाही."

का म्हणालो, ते मी इतकी वर्षं स्वतःला वेगवेगळ्या तऱ्हेने सांगून पाहिलं. नानासाहेबांचं काम गेलं असतं तर गॅरेज बंद पडलं असतं, हे खरं आहे. पण त्या क्षणी मला गॅरेज आठवलं नव्हतं. चारचौघांत माझी चूक निघेल, आणि ती चूक मला आधीच दाखवणारा माणूस समोर बादली धरून उभा आहे, एवढंच मला सहन झालं नाही. त्या आवारात माझ्या शब्दाला वजन होतं, त्याच्या शब्दाला नव्हतं. त्याचं घर बुद्धविहारामागच्या वस्तीत होतं, माझं बाजारपेठेत. यापुढे आमच्या गावात कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही. मला ते वजन ठाऊक होतं, आणि मी ते वापरलं.

सुखदेवने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. जरा गोंधळून, जसं ओळखीच्या रस्त्यावर वळण चुकल्यावर माणूस पाहतो. मग त्याने ती भरलेली बादली एक थेंब न सांडता परत भिंतीवर टांगली, खिशातून चाव्या काढल्या आणि गाडीच्या टपावर ठेवल्या. फाटकातून बाहेर गेला. त्याच्या ओल्या पाठीवर भुरा चिकटत गेला आणि लांबून तो पांढरा शर्ट घातल्यासारखा दिसायला लागला.

दुसऱ्या दिवशी धुवायच्या नावाखाली मी गाडी गॅरेजात आणली. दार लावून घेतलं. लांबी कोरून काढली. तरी पाणी उतरेना, कारण नळ्याच जुन्या भुऱ्याने बंद झालेल्या होत्या. नायलॉनची दोरी तेव्हा पहिल्यांदा सुचली. तासभर दोरी फिरवली तेव्हा पुढच्या नळीतून रुईची एक लांब, काळी, पीळ पडलेली वात निघाली. समईत लावावी अशी. कपभर पाणी ओतलं, खांबाला कान लावला, आणि कुणीतरी पाणी पीत असल्याचा तो आवाज ऐकला. माझ्या आयुष्यात मी तो पहिल्यांदा ऐकला तो असा.

गाडी पुन्हा कधी गळली नाही. लोक म्हणाले, "पाह्य, सुखदेव गेला अन् गळती गेली." मी केलेल्या दुरुस्तीनेच त्याच्यावरचा आरोप पक्का केला.

पाहुण्यांचा निरोप आला नाही. त्या हंगामातच जिनिंग बंद पडली. खरं सांगायचं तर त्या वर्षी आणखीही जिनिंग बंद पडल्या, ज्यांच्याकडे काचेच्या छताची गाडी नव्हती. पाहुण्यांनी आधीच काय ठरवलं होतं, कोण जाणे. पण भाव पाडणारे लोक कुठे बसतात ते आमच्या गावाला माहीत नव्हतं. सुखदेव कुठे बसतो ते माहीत होतं. चहाच्या टपरीवर, न्हाव्याकडे, एकच वाक्य. "सुखदेवनं छत उघडं ठिवलं अन् जिनिंग बुडाली." बायांची मजुरी गेली ती त्याच्यामुळे. हमाल गाव सोडून गेले ते त्याच्यामुळे. तो कुणाकडे गाडी चालवायला विचारायला गेला की समोरचा वर पाहून हसे. शेवटी तो बायकोच्या माहेरी, दारव्ह्याला गेला.

पाच-सहा वर्षांनी मी दारव्ह्याला एका लग्नाला निघालो होतो. यवतमाळच्या स्टँडबाहेर प्रवासी जीप उभी होती. ड्रायव्हरने हाक मारली.

"मिस्त्री! पुढं बसा जी, माह्याजवळ. मांगं बकऱ्या हायेत."

सुखदेव. केस पांढरे, बाकी तसाच. मी बसलो. शेजारच्या जीपवाल्याने ओरडून विचारलं, "ओ सुखदेवभाऊ, छत लावलं का?" आकाशात ढगाचा ठिपका नव्हता.

"लावलं बाप्पा! तुह्या टकलाचं पाह्य तू." सगळे हसले. तोही हसला. मग उतरून जीपच्या रेक्झिनच्या हुडाची बटणं एकेक चाचपत चारही बाजूंनी फिरला. परत बसला, पण "लागली" म्हणाला नाही.

रस्ता रिकामा होता. दोन्हीकडे कापसाच्या पराट्या उभ्या, बोंडं फुटलेली. मी मनात वाक्य जुळवत होतो. लाडखेड मागे पडलं तेव्हा तोच म्हणाला, "मिस्त्री, एक इचारू?"

"इचारा ना."

"त्या दिवशी मी बोट फिरवलं होतं का जी?"

मी त्याच्याकडे पाहिलं. तो समोर पाहत होता.

"पयले मले पक्कं आठवे. आता सपनात दिसते त कधी फिरवतो, कधी नाई फिरवत. दोन्ही खरंच वाटते. इतके लोकं म्हन्तेत, अन् तुमी त पाच बादल्या वतून पाह्यलं. आता मलेच वाटते, राह्यली आसंन फटभर."

नोकरी गेली, गाव गेलं, हे मी मोजलं होतं. पण हे माझ्या ध्यानात नव्हतं. मी त्या माणसाचं बोटच काढून घेतलं होतं.

"सुखदेवभाऊ," मी म्हणालो. "त्या दिवशी..."

"अगा थांबव, थांबव!" मागून एक म्हातारी ओरडली. "माही बकरी उतरली!"

अडाण नदीच्या पुलावर जीप थांबली. बकरी पुलावरून उलट्या दिशेने यवतमाळकडे धावत होती, तिच्यामागे म्हातारी, म्हातारीमागे सुखदेव, त्याच्यामागे तीन-चार प्रवासी. मी पुलाच्या कठड्याशी उभा राहिलो. खाली पाणी संथ होतं, आणि त्यावर ऊन असं पसरलं होतं की मला वाटलं, ही बकरी कधी सापडूच नये.

सापडली. सुखदेव ती खांद्यावर घेऊन, हसत, धापा टाकत आला. "हिलेबी दारव्हा नाई आवडत." जीप सुरू झाली. थोड्या वेळाने तो म्हणाला, "काय म्हनत होते तुमी?"

बकरीला दोष देता येत नाही. त्याने मला पुन्हा विचारलं होतं.

मी म्हणालो, "काही नाही. पाऊस येईन वाटते."

त्याने मान वाकवून त्या स्वच्छ आकाशाकडे पाहिलं. "येईनही," तो म्हणाला.

त्यानंतर मी दारव्ह्याला तीनदा गेलो. एकदा तो भाडं घेऊन गेलेला होता. एकदा मी स्टँडवरूनच परत फिरलो. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा तो जाऊन महिना झाला होता. घरात बुद्धाची तसबीर, तिच्याशेजारी त्याचा फोटो. त्याची मुलगी शाळेत शिकवते. तिने मला ओळखलं नाही. नाव सांगितल्यावर लगबगीने खुर्ची दिली, चहा केला.

"बाबा तुमचं नाव काढायचे," ती म्हणाली. "म्हणायचे, त्या दिवशी कुणी मला काही विचारलं नाही. एका मिस्त्रीनं तरी पाच बादल्या ओतल्या."

कप माझ्या हातात होता. मी चहा प्यालो. तिला म्हणालो, तुमचे बाबा फार चांगले ड्रायव्हर होते. आणि उठलो. दारातून मागे पाहिलं तर ती उंबऱ्यात उभी राहून मला हात जोडत होती.

ती दिवाळी अंक वाचते की नाही, मला माहीत नाही. जे वाक्य मी जीपमध्ये, पुलावर आणि तिच्या घरातल्या खुर्चीत तयार ठेवलं होतं आणि एकदाही तोंडाबाहेर काढू शकलो नाही, ते असं होतं:

सुखदेवभाऊ, तुमी बोट फिरवलं होतं. काच लागली होती. भोकं म्या बुजवले होते, अन् पाचव्या बादलीलेच मले वरचं पानी आयकू आलं होतं. सहावी म्या वतू देली नाई. मले माफ करजा.